घरच्या बागेतली हायबुश ब्लूबेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लूबेरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘पानं पिवळी का पडली?’ आणि ‘रोप जागच्या जागी का अडकलंय?’ हे त्यांतले सगळ्यात जास्त विचारले जाणारे. दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा मातीतच सापडतं. तुम्ही अजून रोप आणलं नसेल, तर आधी प्रश्न ३ ते ६ वाचा आणि मगच रोपवाटिकेत जा, ही कळकळीची विनंती.

१. हायबुश ब्लूबेरी म्हणजे नेमकी कोणती?

व्हॅक्सिनियम कोरिम्बोसम या जातीचं हे झुडूप दीड ते अडीच मीटर उंच होतं. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. तिथल्या दलदलीच्या कडेला, आम्लधर्मी आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने भरलेल्या जमिनीत ते रानटी वाढतं. लोबुश ब्लूबेरी गुडघ्याएवढीच राहते आणि रॅबिटआय ही वेगळी, जास्त उष्णता सोसणारी जात आहे. हायबुश आणि लोबुश यांच्या संकरातून आलेल्या ‘हाफ-हाय’ वाणांची उंची कमी असते, त्यामुळे ते कुंडीला सोयीचे पडतात.

हे पीक माणसाने बागेत आणलं त्याला जेमतेम शंभर वर्षं झाली. त्याआधी लोक रानातली झुडपं उपटून चांगल्या खतावलेल्या मातीत लावायचे आणि ती मरायची. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली दाखवून दिलं की या झाडाला आम्ल मातीच लागते. १९११ पासून न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांच्याबरोबर काम सुरू केलं. रानातली उत्तम झुडपं हेरून त्यांच्यापासून वाण तयार झाले आणि १९१६ मध्ये लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. बागेतली काळी, कसदार, शेणखत घातलेली माती या झाडाला मानवत नाही, हे तेव्हा कळलं आणि आजही बहुतेकांची सुरुवात तिथेच चुकते.

२. आमच्याकडे थंडी फारशी पडत नाही. तरी लावता येईल का?

येईल, पण वाण बघून. झुडपाला विश्रांतीच्या काळात ठरावीक तास थंडी लागते. हे तास साधारण ० ते ७ अंश सेल्सिअस तापमानाचे मोजतात. उत्तरी हायबुश वाणांना (ब्लूक्रॉप, ड्यूक, पॅट्रियट, जर्सी) साधारण ८०० ते १००० तास हवेत. तेवढी थंडी मिळाली नाही तर कळ्या उशिरा आणि विस्कळीत फुटतात, बहर येत नाही आणि झाड दरवर्षी खंगत जातं. दक्षिणी हायबुश वाणांना (मिस्टी, शार्पब्लू, बिलॉक्सी, एमराल्ड, ज्वेल) १५० ते ६०० तासांत भागतं, काहींना त्याहून कमी थंडीही पुरते. गोठवणारी थंडी नसलेल्या भागात ही झाडं पानं न गाळता वर्षभर हिरवी राहतात.

वाणाचं नाव न सांगता कोणी नुसतं ‘ब्लूबेरी’ म्हणून रोप देत असेल, तर घेऊ नका. उन्हाळा कडक असेल तर मुळांचा गारवा कसा राखायचा, ते प्रश्न ९ आणि १० मध्ये आहे.

३. मातीचा सामू किती हवा? त्याला एवढं महत्त्व का?

सामू म्हणजे पीएच (pH), मातीच्या आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती जास्त आम्ल. तो ४.५ ते ५.५ हवा, त्यातही ५च्या खाली असलेला बरा. बहुतेक भाजीपाला आणि फळझाडं ६ ते ७ सामूत सुखाने वाढतात, म्हणून ‘थोडंसं आम्ल’ एवढ्यावर लोक थांबतात. पण सामूच्या मापात एक अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. ६.५ सामूची माती ४.५च्या मातीपेक्षा शंभरपट कमी आम्ल असते.

यामागे दोन कारणं आहेत. एक, लोह. ते मातीत भरपूर असलं तरी सामू वाढला की अविद्राव्य होतं आणि मुळांना घेता येत नाही. दुसरं, नत्र. ब्लूबेरीला नत्र अमोनियमच्या रूपात हवा असतो. नायट्रेट ती नीट वापरू शकत नाही. आम्ल मातीत अमोनियम टिकतं, तर सामू वाढला की जिवाणू त्याचं झपाट्याने नायट्रेट करतात. म्हणजे खत घालूनही झाड उपाशी.

शिवाय या झाडाची मुळं फार नाजूक असतात. रोप पिशवीतून काढून मुळांची टोकं बोटांवर पसरून बघा : केसासारखी बारीक, तपकिरी, एकमेकांत गुंतलेली. इतर झाडांच्या मुळांवर जी सूक्ष्म मूलरोमं असतात, ती इथे नसतातच. ते काम बऱ्याच अंशी मुळांच्या पेशींत राहणारी एक सहजीवी बुरशी करते, आणि तिलाही आम्ल, सेंद्रिय माती आवडते. ही सगळी मुळं वरच्या ३० सेंमी थरात असतात. खोल जाऊन दुसरीकडून अन्न शोधणं त्यांना जमत नाही.

४. सामू घरी कसा तपासायचा?

माती परीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल सर्वांत चांगला. वरच्या १५ ते २० सेंमी थरातली, चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून द्या आणि सामूबरोबर मुक्त चुन्याचं प्रमाणही विचारा. घरी करायचं तर माती ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात कालवून सामू-कागदाने ढोबळ अंदाज येतो. मातीत खुपसायच्या स्वस्त सुया मात्र भरवशाच्या नाहीत.

चुनखडी आहे का हे बघायला सुकी माती बशीत घेऊन वर व्हिनेगर घाला. फेस येऊन बुडबुडे निघाले तर त्या मातीत ब्लूबेरी लावायचा विचार सोडा आणि थेट प्रश्न ६ कडे जा.

५. सामू ५.५च्या वर आहे. खाली कसा आणायचा?

गंधकाने. बारीक दळलेलं शेतीचं गंधक मातीत मिसळलं की जिवाणू हळूहळू त्याचं आम्ल करतात. ते जिवंत जिवाणूंचं काम असल्यामुळे माती उबदार आणि ओलसर लागते आणि सहा महिने ते वर्षभर वेळ जातो. म्हणून गंधक लागवडीच्या आधीच्या वर्षी घालायचं.

वरचा १५ सेंमी थर एका अंकाने खाली आणायला रेताड मातीत चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम, तर मध्यम पोयट्यात ११० ते १२० ग्रॅम गंधक लागतं. चिकण मातीला याहून जास्त. मोठी मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागा आणि प्रत्येक हप्त्यानंतर काही महिन्यांनी सामू पुन्हा तपासा. झाड लावल्यावर गंधक द्यायचं झालं तर ते वरून, थोडं थोडं द्यावं. मुळाशी खणून मिसळलं की मुळंच तुटतात.

ॲल्युमिनियम सल्फेट झटपट काम करतं म्हणून सुचवलं जातं. मी ते सांगत नाही. लागेल तेवढं घातलं तर ॲल्युमिनियम साठून मुळांना बाधतं.

६. आमची माती चुनखडीची आहे. कुंडीत किंवा गादीवाफ्यावर येईल का?

येईल, आणि अशा वेळी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. हिशेब करून बघा : १५ सेंमी थरात फक्त १ टक्का चुनखडी असेल, तरी ती संपवायलाच चौरस मीटरला साधारण ६५० ग्रॅम गंधक लागतं. सामू खाली यायला सुरुवात होते ती त्यानंतर. ५-१० टक्के चुनखडीच्या जमिनीशी कोणी झगडू नये.

कुंडी शेवटी ४० ते ६० लिटरची हवी. पिशवीतलं लहान रोप थेट एवढ्या मोठ्या कुंडीत लावू नका. टप्प्याटप्प्याने मोठी कुंडी द्या, नाहीतर न वापरलेली माती ओली राहून मुळं कुजतात. मिश्रणासाठी निम्मं पीट मॉस (दलदलीत साठलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि निम्मी पाइनच्या सालीची जाडसर भरड उत्तम. बागेतली माती अजिबात नको. पीट मिळत नसेल तर कोकोपीट चालतं, पण त्याचा सामू साधारण ५.५ ते ६.५ असतो, पीटइतकं ते आम्ल नाही. शिवाय त्यात क्षार असू शकतात आणि या मुळांना क्षार सोसत नाहीत. कोकोपीट दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, निथळू द्या आणि मिश्रणाचा सामू तपासूनच रोप लावा. गडद रंगाची कुंडी उन्हात तापते, मुळं आतून भाजतात. फिक्या रंगाची घ्या किंवा कुंडीला सावली करा, झाडाला नको.

गादीवाफा करायचा तर तो ३० ते ४५ सेंमी उंच करा. खालून चुनखडीची माती वर मिसळणार नाही एवढं बघा.

७. कॉफीचा चोथा, पाइनची पानं, व्हिनेगर यांनी माती आम्ल होते का?

वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याचा सामू बहुतेकदा ६.५च्या आसपास असतो, कारण आम्ल पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं. पाइनची पानं आच्छादन म्हणून छान, पण ती माती आम्ल करतील अशी आशा धरू नका. व्हिनेगरचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. गंधकाला यांपैकी एकही पर्याय नाही. पाण्यात आम्ल घालण्याबद्दल प्रश्न १० पाहा.

८. एकच झाड लावलं तर फळं येतील का?

येतील. हायबुश स्वतःच्या परागावर फळ धरते. पण जवळ दुसऱ्या वाणाचं झाड असेल तर फळं मोठी होतात आणि लवकर तयार होतात. जागा असेल तर एकाच काळात फुलणारे दोन वाण लावाच. सोबत रॅबिटआय लावून हे साधत नाही. तिच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी असल्यामुळे दोघींचं परागीकरण नीट जमत नाही.

९. रोप लावायचं कसं?

दोन-तीन वर्षांचं रोप घ्या. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. फार तापणाऱ्या भागात दुपारनंतरची हलकी सावली चालते. दोन झाडांत १.२ ते १.५ मीटर अंतर ठेवा. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, कारण मुळं आडवी पसरतात. कुंडीच्या आकारात घट्ट वळलेला मुळांचा गोळा हाताने मोकळा करा. मुळं बाहेर पसरली नाहीत तर दोन वर्षांनीही झाड त्याच गोळ्यात अडकलेलं दिसतं. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच लावा.

पाणी साचणाऱ्या जागी लावू नका. मूळची दलदलीच्या कडेची असली तरी तिथेही ही झुडपं उंचवट्यावरच वाढतात. साचलेल्या पाण्यात मूळकुज येते.

मग ७ ते १० सेंमी जाडीचं आच्छादन : सालीचे तुकडे, लाकडाचा भुसा किंवा पाइनची पानं. खोडाला टेकवू नका. ताजा भुसा कुजताना नत्र ओढून घेतो, म्हणून तो वापरलात तर खत थोडं वाढवावं लागतं. आच्छादनाने मुळं गार राहतात, ओल टिकते आणि तण कमी येतं. तण आलंच तर हाताने उपटा. खुरपं चालवलंत तर वरवरची मुळं कापली जातील.

१०. पाणी किती द्यायचं? नळाचं किंवा विहिरीचं चालेल का?

वाढीच्या काळात आठवड्याला २.५ ते ४ सेंमी पावसाएवढं पाणी लागतं, फळं फुगताना त्याहून जास्तही. वाफसा कायम राहायला हवा. एकदा भडाभडा पाणी आणि मग आठवडाभर कोरडं, हे या झाडाला सोसत नाही. कुंडीला कडक उन्हात रोज बघावं लागतं.

पाण्याची प्रत हा खरा गुंता. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि प्रत्येक पाणी देताना ते मातीत थोडा चुना घातल्यासारखं काम करतात. वर्षभर झटून आणलेला सामू कुंडीत एका हंगामात वर जातो. ज्या किटलीत पांढरा थर बसतो, तिच्यातलं पाणी तेच करतंय. सगळ्यात उत्तम पावसाचं साठवलेलं पाणी. ते पुरत नसेल तर पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर घालून सामू-कागदावर ५ ते ५.५ येईपर्यंत जुळवा. किती घालायचं ते तुमच्या पाण्यावर ठरतं, म्हणून दुसऱ्याचं प्रमाण उतरवून घेऊ नका. मात्र ही आम्लं सेंद्रिय आहेत, मातीतले जीव ती खाऊन टाकतात आणि बराचसा परिणाम उलटतो. हा आधार आहे, कायमचा इलाज नव्हे. नायट्रिक किंवा गंधकाम्लासारखी तीव्र आम्लं घरी हाताळू नका.

११. खत कोणतं? शेणखत, गांडूळखत चालेल का?

नत्र अमोनियम रूपात द्या. सामू ५च्या वर असेल तर अमोनियम सल्फेट, कारण ते सामूही थोडा खाली ठेवतं. सामू आधीच ५च्या खाली असेल तर युरिया. जमिनीतल्या रोपाला पहिल्या वर्षी सुमारे ३० ग्रॅम अमोनियम सल्फेट, मग दरवर्षी ३० ग्रॅमने वाढवत मोठ्या झाडाला २२५ ग्रॅमपर्यंत. हे पूर्ण वर्षाचं माप आहे. कळ्या फुटताना आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने असं विभागून, खोडापासून दूर पसरून द्या. लागवडीच्या खड्ड्यात काहीच घालू नका. कुंडीत आम्लप्रेमी झाडांसाठीचं विद्राव्य खत, तेही पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने. हंगामाच्या शेवटी खत दिलं तर कोवळी फूट थंडीत मरते.

कॅल्शियम नायट्रेट, म्युरेट ऑफ पोटॅश (त्यातलं क्लोराइड बाधतं), राख आणि हाडांचा चुरा टाळा. पालाश हवंच तर सल्फेट ऑफ पोटॅश. शेणखत आणि गांडूळखत इतर झाडांना कितीही गुणकारी असलं, तरी बहुतेकदा त्यांचा सामू ७च्या आसपास किंवा वर असतो आणि क्षारही असतात. ते इथे नको.

१२. पहिल्या वर्षीची फुलं खुडायलाच हवीत का?

हो. पहिल्या वर्षी सगळी, रोप अशक्त असेल तर दुसऱ्याही वर्षी. जीवावर येतं खरं, पण ती ताकद मुळांना आणि फांद्यांना हवी असते. तिसऱ्या वर्षापासून थोडी फळं घ्या. पूर्ण बहर सहा ते आठ वर्षांनी येतो आणि नीट सांभाळलेलं झाड वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्तही फळतं.

१३. छाटणी कधी आणि किती?

विश्रांतीच्या काळाच्या शेवटी, कळ्या फुगण्याआधी. फळं गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर येतात. काडीच्या टोकाच्या जाड, गोलसर कळ्या फुलांच्या आणि खालच्या बारीक, टोकदार, काडीला चिकटलेल्या कळ्या पानांच्या. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की कात्री चालवताना भीती वाटत नाही.

पहिली तीन वर्षं फक्त मेलेल्या आणि जमिनीलगतच्या लुकड्या काड्या काढा. नंतर दरवर्षी सगळ्यात जुने एक-दोन फुटवे बुडापासून कापा, म्हणजे नवे येत राहतील. वेगवेगळ्या वयाचे ८ ते १२ फुटवे असावेत आणि मधे उजेड जावा. हळवेपणाने छाटणी टाळलेल्या झाडाला फळं खूप लागतात, पण बारीक आणि आंबट. पानं न गाळणाऱ्या दक्षिणी वाणांची हलकी छाटणी फळं काढून झाल्यावर करतात.

१४. फळ निळं झालं म्हणजे पिकलं का?

नाही. फळ हळूच वळवून देठाजवळची बाजू बघा. तिथे लालसर कडं दिसत असेल तर अजून थांबा. निळं झाल्यावरही तीन-चार दिवस ते आठवडाभर साखर वाढत राहते, आणि तोडल्यावर वाढत नाही. पूर्ण पिकलेलं फळ अंगठ्याच्या हलक्या स्पर्शाने तळहातात पडतं. ओढावं लागलं तर ते तयार नाही. घोसातली सगळी फळं एकदम पिकत नाहीत, तेव्हा चार-पाच दिवसांनी पुन्हा फेरी मारा. फळावरची पांढुरकी लव हा नैसर्गिक मेणाचा थर आहे, खाण्यापूर्वीच धुवा.

१५. पक्षी एकही फळ ठेवत नाहीत. काय करू?

जाळी. चमकत्या पट्ट्या आणि बुजगावणी चार दिवस चालतात. सुमारे २ सेंमीपेक्षा मोठी भोकं नकोत आणि जाळी झाडावर टाकण्याऐवजी चौकटीवर ताणा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात, ते होऊ देऊ नका. कडा जमिनीला टेकवा. फुलं असताना जाळी घालू नका. फळं रंग धरू लागली की घाला.

१६. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोह फवारू का?

हा लोहाच्या कमतरतेचा केवडा (पानं पिवळी पडण्याचा विकार), आणि बहुतेकदा वाढलेल्या सामूचा. लोहाची फवारणी पानं तात्पुरती हिरवी करते. आधी मातीचा आणि पाण्याचा सामू मोजा (प्रश्न ४, १०).

सामू ५च्या आत असूनही केवडा दिसला तर? निचरा बघा, कारण गुदमरलेली मुळं लोह घेऊ शकत नाहीत. स्फुरदयुक्त खत जास्त झालं असेल तरी असंच होतं. सगळं झाड, विशेषतः जुनी पानं, एकसारखी फिकट असतील तर ती नत्राची कमतरता समजा.

१७. पानं लाल झाली. रोग आहे का?

थंडी सुरू होताना लाल झाली असतील तर तो झाडाचा स्वभाव आहे, मजेत बघा. ऐन वाढीच्या काळात जुन्या पानांच्या कडा लाल आणि मधे हिरवा भाग राहत असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. झाड लाल आणि खुंटलेलं असेल तर मुळं उकरून बघा : काळी, मऊ असतील तर मूळकुज.

१८. फुलं भरपूर आली, फळ मात्र धरत नाही.

ब्लूबेरीचं फूल खाली तोंड केलेल्या घंटेसारखं असतं आणि पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगामाशी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा तो झडतो. मधमाशीला ती थरथर जमत नाही, तरी संख्येने भरपूर असल्या तर कामाच्या असतात. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. बाल्कनीत माश्या फिरकतच नसतील तर विजेवर चालणारा टूथब्रश देठाला लावून पराग बोटावर झाडता येतो आणि दुसऱ्या फुलाच्या मध्यभागी टेकवता येतो.

माश्या असूनही फुलं गळली तर गोठण्याची शंका घ्या. उमललेलं फूल उणे २ अंशांच्या आसपास मरतं. फूल उभं चिरून बघा, आतला मधला भाग तपकिरी झालेला दिसेल.

१९. पिकत आलेली फळं करडी-गुलाबी होऊन सुरकुततात किंवा मऊ पडतात.

सुरकुतून कडक होत असतील तर ही ममी बेरी नावाची बुरशी. वाळलेली फळं जमिनीवर पडून पुढच्या हंगामात तिथूनच रोग उठतो, म्हणून ती वेचून नष्ट करा आणि कळ्या फुटण्याआधी ताजं आच्छादन ५ सेंमी घाला.

फळ मऊ पडून आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ठिपकेदार पंखांची फळमाशी. तिची मादी पडलेल्या फळावर न थांबता पिकणाऱ्या चांगल्या फळालाच करवतीसारख्या अवयवाने भोक पाडून अंडी घालते. पूर्व आशियातली ही माशी २००८ पासून युरोप आणि उत्तर अमेरिकेत पसरली. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करा, पिकलेलं एकही फळ झाडावर किंवा खाली ठेवू नका आणि तोडलेली फळं लगेच फ्रिजमध्ये ठेवा. शंका असेल तर काही फळं मिठाच्या पाण्यात बुडवा, अळ्या बाहेर येतात.

२०. विकतच्या फळांतल्या बियांपासून रोप होईल का?

होईल, पण फळ धरायला काही वर्षं जातात आणि ते मूळ वाणासारखं निघत नाही. हवा तो वाण हवा असेल तर छाट कलम करा किंवा ऊतिसंवर्धित रोप आणा.

२१. गंधक जास्त झालं, सामू ४च्या खाली गेला. आता चुना टाकू का?

लगेच नको. एवढ्या आम्ल मातीत मँगनीज आणि ॲल्युमिनियम जास्त विरघळून झाडाला बाधतात, हे खरं. पण घाईने टाकलेला चुना सामू पुन्हा ६च्या वर नेतो आणि गंधकाचं काम अजून चालू असेल तर अंदाजच चुकतो. आधी गंधक आणि अमोनियम सल्फेट थांबवा. कुंडीत असेल तर मिश्रण बदला, तेच सोपं. जमिनीत असेल तर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तरीही ४च्या खालीच असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) अगदी थोडं, झाडाभोवती वरून भुरभुरा आणि पुढचा हप्ता द्यायच्या आधी एक हंगाम जाऊ द्या.